दोन वायरी आणि रतनबाईचा माळा

...आन् वरनं तो वायरवाला मलाच इचारतो, "काका, तुमच्या माळ्यावर जायला आंघोळ लागती?" लागती! म्या काय करू? घर माझ्या नावावर, घरपट्टी माझ्या नावावर, पण माळा? माळा माझ्या आईचा! रतनबाईचा! आन् काय धरण बांधायचं नव्हतं हो, बोगदा खणायचा नव्हता. दोनच वायरी टाकायच्या व्हत्या... दोन! एक टीव्हीच्या अँटिनाची, एक नेटची. हातभर लांबीच्या घरात दोन वायरी टाकायला माणसाला किती घाम यावा?

थांबा, पयल्यापासनं सांगतो. आमचं घर विंझरला, गावाच्या कडंला, डोंगराला चिकटून. रेंज आत यायची तर डोंगराला इचारून यायची, आन् डोंगर न्हाई म्हणतो. फोन आला की आमी पळतो पाण्याच्या टाकीवर, तितनं आमचं बोलणं सगळ्या गावाला ऐकू जातं, पलीकडच्याला सोडून! आता आमची प्रेरणा, माझी एकुलती एक पोरगी, तिची मुलाखत ठरली. कंपनी पुण्याची. काम काय? तर चिडलेली लोकं फोन करत्यात, त्यांचं ऐकून घ्यायचं आन् गोड बोलून गप करायचं. अवं, हे काम तर आमच्या घरात ती लहानपणापासनं फुकट करतीया! कंपनी म्हणली, मुलाखत घरनंच द्या, सोमवारी अकराला, म्हणजे तुमचं नेट बी बघता येईल. नेट बरं चाललं तर काम घरनं करा. न्हाई चाललं तर पुण्याला या, हॉस्टेलवर राहा.

हॉस्टेल! खोटं कशाला बोलू? पोरगी डोळ्यापुढनं हलू ने, एवढीच माझी विच्छा. मंगल म्हणली... मंगल म्हणजे आमचं घरचं... "अवं, तिला जाऊ द्या की, जग बघू द्या." म्या म्हणलं, जग तिला हितं आणून देतो, वायरीतनं!

तर वायरवाला आणला, गोरख नाव, कापूरहोळचा. सोमवारी सकाळी नवाला गाडीवरनं उतरला, गळ्यात वायरीचं भेंडोळं, कमरंला पक्कड, डोळ्याला काळा चष्मा. अर्ध्या तासात कौलावर पाईप उभा केला, त्याच्यावर नेटची थाळी बसवली, खाली टीव्हीची काटेरी अँटिना बसवली. झकास! म्हणला, "काका, आता वायरी स्वयंपाकघरावरनं माळ्यात घ्यायच्या आन् माळ्यातनं पार त्या टोकाच्या खोलीत, प्रेरणाताईच्या टेबलावर." म्या म्हणलं, भितीवरनं बाहेरनं टाक की. तर म्हणला, "वानरं?" बरोबर हाय. गेल्या साली टीव्हीची वायर वानरांनी ओढून ओढून तोडली, आन् वर आमच्याकडंच बघत बसली, चित्र का गेलं म्हणून!

मग गोरखनं शिडी लावली. एक पाय वर. तेवढ्यात आतनं आवाज, "कोन हाय रं तो? आंघोळ केलीया का?"

आमची आई! आता तुमाला म्हायती हाय, भाताचं बियाणं माळ्यावर कणगीत असतं. आन् आमच्याकडं रीत अशी की बियाण्यापाशी पारोसं जायचं न्हाई. पायात वहाण न्हाई, कमरंला पट्टा न्हाई, आंघोळ करून ओल्या अंगानं वर. गोरख म्हणला, "आजी, मी सकाळी घरी करून आलोय." आई म्हणली, "कापूरहोळची आंघोळ विंझरला चालत न्हाई! वाटंत किती धूळ खाल्लीस! ते बघ न्हाणीघर. पाणी गार हाय." गोरख म्हणला, "आजी, आमच्या कामात आंघोळ बसत न्हाई." आन् गेला की अंगणात, पायरीवर बसला ऐटीत!

म्हणजे राहिलं कोण? बरोबर. म्या सकाळी आंघोळ केलती, पण मधी गोठ्यात जाऊन आलतो, म्हणून परत केली. थंडीत! दुसऱ्यांदा! दोनच वायरी टाकायच्या व्हत्या हो... दोन!

चढलो. वर अंधार, धूळ, आन् मधोमध ती कणगी, बांबूची, शेणानं सारवलेली, गाभण म्हैस बसावी तशी. तिच्या आन् कौलाच्या मधी जागा किती? एक वीत! मी कसा जाणार? हात घातला, पुरंना. काठी घातली, अडकली. खालनं गोरख, "काका, ढकला!" म्या म्हणलं, ढकलतोय! "अजून ढकला!" अरं, सासऱ्याचा टेम्पो हाय व्हय ढकलायला? तिकडनं मंगल वरडती, "अवं, सव्वादहा वाजलं!" आन् पोरगी? पोरगी नवा ड्रेस घालून टेबलापाशी गप बसलेली. तिला बघितलं... म्हणजे फळीच्या फटीतनं दिसली... आन् मला सुचलं!

मांजर!

हसू नका! आमची मांजर त्या माळ्यावर उंदरामागं रोज फिरती. तिच्या कमरंला सुतळी बांधायची, सुतळीच्या मागं दोन्ही वायरी, आन् त्या टोकाला मंगलनं स्टुलावर उभं राहून, वरची फळी सरकवून, हातात सुका बोंबील धरायचा. मांजर सरळ बोंबलाकडं, वायरी सरळ खोलीत. हाय का न्हाई डोकं? फक्त सोमवार! सोमवारी, बियाण्याच्या माळ्यावर, दोनदा आंघोळ करून... बोंबील! आईला कळलं असतं तर मलाच सुतळीला बांधला असता. मंगल दबक्या आवाजात म्हणती, "पाप लागंल वं." म्या म्हणलं, पाप मला, बोंबील मांजराला, तू हात वर कर!

सोडली मांजर. तुमाला सांगतो, दोन पावलं सरळ गेली, एकदम झोकात. आन् तिसऱ्या पावलाला तिला दिसला उंदीर! झालं! कणगीला एक येढा, दोन येढं, तीन येढं... वाशावर चढली, खाली उतरली, परत कणगीला येढा... उंदीर दमला, मांजर दमली, मग तिला आठवण झाली बोंबलाची, तवा पोचली. बाहेरनं गोरख वरडतोय, "काका, घर किती लांब हाय तुमचं? चाळीस फुटाच्या घरात शंभर फूट वायर गेली!" म्या म्हणलं, जाऊ दे, पोचली न्हवं? लाव!

अकराला पाच कमी असताना नेटच्या डबीवर हिरवा दिवा लागला. अवं, काय सांगू! इतका आनंद मला पोरगी झाली तवाच झालता. प्रेरणा म्हणली, "आबा, आलं! चित्र आलं! साहेब दिसतायत!" पलीकडं एक साहेब, एक बाई. मुलाखत सुरू. मी वर माळ्यावर श्वास धरून आडवा. देवा, एवढा अर्धा तास जाऊ दे.

आन् तेवढ्यात त्या गोरखला अवदसा आठवली. अंगणात वायरीला थोडी ढील दिसली. म्हणला, "ढील ठेवली तर वानरं धरतील." आन् त्यानं वढली!

आता इचार करा. वायरीला कुठं येढं पडल्यात? कणगीला! माझ्या डोळ्यादेखत येढं आवळलं, कणगी कुरकुरली, कलली... म्या मिठी मारली तिला, खरंच मारली, पण ती कुठं ऐकती? बुडाला फाटली, आन् सगळं बियाणं घरंगळत त्या टोकाच्या उघड्या फळीतनं खाली... कुठं? पोरीच्या डोस्क्यावर! धो धो! साहेब म्हणला, "मॅडम, काय पडतंय वरून?" प्रेरणा तसूभर हलली न्हाई. म्हणली, "काळजी करू नका सर, बियाणं आहे. तुम्ही पुढचा प्रश्न विचारा."

पुढचा प्रश्न! तवर आई आत आलेली. पोरीच्या मागं उभी राहून पदर पसरून बियाणं झेलतीया आन् वर बघून वरडतीया, "कुंडलिका! माळ्यावर बोंबलाचा वास कसा रं येतो?" तेवढ्यात मांजर कणगीवरनं उडाली ती थेट टेबलावर, तोंडात बोंबील. मंगल फळी लावायला परत स्टुलावर चढलेली, तितनं, "आत्याबाई, तुमी आधी बाजूला व्हा!" मी वरनं, "प्रेरणा, तू बोलत राहा, कुनीकडं बघू नकोस!" आन् पोरगी, केसात साळी घेऊन, कशी बोलतीया? "हो सर. ग्राहक चिडला तरी आपण आवाज चढवायचा नाही."

दोनच वायरी टाकायच्या व्हत्या हो... दोन!

दुपारी नेटवरनंच फोन आला. साहेबानं मलाच मागितलं. मला घाम! साहेब म्हणला, "काका, एवढ्या गोंधळात इतकी शांत बोलणारी मुलगी आम्ही आजवर बघितली नाही. नोकरी पक्की." म्या म्हणलं, आन् नेट? नेट कसं वाटलं, साहेब? साहेब म्हणला, "नेट? एक नंबर! एकदाही अडकलं नाही." म्या म्हणलं, म्हणजे घरनं काम? साहेब हळूच म्हणला, "काका... नेट चांगलं आहे हो. पण घर... तुम्ही तिला पुण्यालाच पाठवा."

गेली पोरगी. मीच सोडून आलो, हॉस्टेलच्या दारापर्यंत. लई शहाणी हाय, रोज संध्याकाळी न चुकता व्हिडिओ कॉल करती. म्हणती, "आबा, जेवलास का? आजी कशी हाय?" आन् चित्र काय येतं म्हणता! काचंसारखं! नाकावरचा तीळ सुदिक दिसतो. पयलं बरं व्हतं हो, टाकीवर कुणाशी बोलताना जीव भरून आला की म्हणायचं, "रेंज जातीया बरं का!" आन् फोन ठेवून द्यायचा. आता ती बघत असती, मी बघत असतो, डोळं भरून येत्यात... आन् ते नेट मेलं एकदा सुदिक तुटत न्हाई!