सविताची मान

माझं नाव आधी लिहा, ज्ञानोबा टेलर, अन् ते बदलू नका. तुळजापूरजवळचं खेडं माझं, बाप कपडे शिवायचा, त्याच्याच मशीनवर म्या शिकलो, अन् माणसाचं अंग मापावरून ओळखतो असा लई माज होता मला. त्या माजाचंच सांगतोय.

सविता माझी सून, तेर गावची. लग्नाला दोन वर्षं झाली अन् तिची मान मागून काळी पडली, मखमलीवानी जाड. आमची मंडळी म्हणाली, पोरगी नीट आंघोळ करत न्हाय. नारळाचा काथ्या दिला हातात, अंगणात बसवून घास म्हणाली. घासून घासून कातडं सोललं, काळं काय गेलं न्हाय. अन् म्या काय केलं? बंद गळ्याची ब्लाउजं शिवली, पाहुण्यांत लाज नको म्हणून. दर सणाला तिचं मापाचं ब्लाउज माझ्याकडं यायचं, अन् दर बारीला बोटभर सैल शिवा असा निरोप. पोरगी अर्धी भाकर खायची अन् माप वाढायचं, हे मला दिसत होतं, टेलर होतो ना, तरी म्हणायचो, चोरून खाती काय गं. मग ती बोलायचीच बंद झाली. भिंतीकडं तोंड करून पडायची, चुलीपाशी जायलाही उठवत न्हवतं. माझा पोरगा म्हणायचा, दादा, हिला कायतरी झालंय. म्या म्हणलं, आळस झालाय, दुसरं काय.

शेवटी तेरला बैठक बसवली. चौघा जाणत्यांसमोर म्याच बोललो, पोरगी वेडी हाय, आमाला फसवलं. तिचा भाऊ जमिनीकडं बघत ऐकत होता. सोडचिठ्ठी झाली.

आता पुढचं ऐका, अन् हे गाळू नका. काही वर्षांनी माझी सख्खी लेक माहेरपणाला आली, तिची मान तशीच काळी. तिला काथ्या दिला का? न्हाय दिला. तिला धाराशिवला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाबा, हा मळ न्हाय. इन्सुलिन बनतं पण अंग त्याला दाद देत न्हाय, म्हणून अजून बनत राहतं, मान काळी पडते, कंबर वाढते, आतून बारीक सूज राहते, ती दिसत न्हाय. माणसाचं मन खचतं त्यात बऱ्याचदा त्या सुजेचाही हात असतो, अन् मन खचलं की हा आजार अजून वाढतो. कुणाला आळशी म्हणू नका. लेकीच्या शेजारी बसून हे सगळं ऐकलं म्या, अन् स्वतःच्या थोबाडीत मारावी असं झालं.

गेल्या महिन्यात तेरला गेलो. त्याच जाणत्यांना बोलावलं, जेवढे उरलेत तेवढे. म्हणलं, सविता वेडी न्हवती, आजारी होती, खोटं म्या बोललो. ती दारात उभी होती. आता औषध घेते, अंगणवाडीत कामाला जाते. एवढंच म्हणाली, मामा, चारचौघांत सांगितलं, बरं केलं. पण माझं कातडं सोललं तवा तुमी समोरच मशीनवर बसला होता. तवा बोलायचं होतं.

तिनं पाणी दिलं, प्यायलो, उठलो. अंगात उघड्या गळ्याचं ब्लाउज होतं तिच्या, दुसऱ्या कुणीतरी शिवलेलं. शिलाई चांगली होती. सुखात राहो पोरगी.