एक दिवस पाय, एक दिवस पळणं

...आणि वर व्यायामाच्या ताई म्हणतात, पायांना विश्रांती दे. कुणाच्या पायांना? तुम्हाला सांगते, हे पाय रिकामे असते तर मी कधीच दिले असते त्यांना सुट्टीवर पाठवून, पण घरात मूल नुकतं धावायला लागलेलं, राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही, आणि पाय तर माझे दोनच ना.

सगळं सुरू झालं डॉक्टरीणबाईंपासून. बाळंतपणात चढलेलं वजन उतरायचं नावच घेईना, म्हणून त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, साखर उंबरठ्यावर उभी आहे, वजन उतरवा, तीन महिन्यांनी बघू, नाहीतर गोळ्या. त्यांना काय, गोळी म्हणजे गोळी. माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली माझी आई. तिचीही साखर अशीच उंबरठ्यावर होती, मग आत आली, आणि जाताना आईची नजर घेऊन गेली. दवाखान्यातून घरी येईस्तोवर मी मनातल्या मनात आंधळी झालेली, आणि मुलाच्या लग्नात त्याची बायको मला हात धरून खुर्चीत बसवतेय, इथपर्यंत पोचलेली. मुलगा अजून दोन वर्षांचा नाही.

तळमजल्यावर एक ताई राहतात, बायकांना व्यायाम शिकवतात. मी तशीच त्यांच्या दारात. त्या म्हणाल्या, पळण्यानं वजन उतरेल, पण पायांत जोर नसेल तर गुडघे कुरकुरतील, म्हणून एक दिवस पायांच्या बैठका, एक दिवस पळणं, आणि अधूनमधून नुसता आराम. किती सोपं, नाही का? पण मी पडले काळजी करणारी, गॅस बंद आहे का बघायला अर्ध्या जिन्यातून परत चढणारी. मला वाटलं, ज्या दिवशी पळाले नाही त्याच दिवशी साखर आत शिरली तर? म्हणून मी दोन्ही रोज सुरू केलं, आधी बैठका आणि त्यांच्या पाठोपाठ पळणं... आठवडा सरायच्या आत माझी अशी गत झाली की जिना उतरायचा तर तोंड भिंतीकडे, दोन्ही हात पायऱ्यांवर, मागे मागे, रांगत. आणि मुलगा वरून टाळ्या वाजवतोय. तोही तसाच उतरतो ना, त्याला वाटलं, चला, आईला जमायला लागलं एकदाचं.

सासूबाई मला बैठका घालताना बघायच्या आणि विचारायच्या, काय खोडी काढलीस गं, उठाबशा काढतेस ती? खरं आहे हो. मी सातवीपर्यंत शाळेत होते, तेवढ्यात जन्माच्या उठाबशा काढून झाल्या असंच मला वाटलं होतं.

आणि पळायचं म्हणाल तर तिथंही सुख नाही. मी दिसेनाशी झाले की हा घर डोक्यावर घेणार, म्हणून सासूबाई त्याला घेऊन खिडकीत, आणि मी खाली, खिडकीतून दिसेल तेवढ्याच जागेत, गाड्या लावतात तिथून फाटकापर्यंत आणि परत. पळताना नजर सगळी वर, की हा वाकत तर नाही ना, त्यामुळे कुणाच्या तरी ओल्या चादरीत दोनदा गुरफटले. तेवढ्याच जागेत माझ्या येरझाऱ्या बघून वरच्या मजल्यावरचे काका तर येऊन जमिनीकडे बघायला लागले. म्हणाले, काय पडलंय सुनबाई, कानातलं का? आता काय सांगू, काका, वजन पाडतेय, पण पडत नाहीये.

ताईंनी मला रांगताना बघितलं आणि असं झापलं म्हणता! पायांना मधे सोडलंच नाहीस तर जोर येईल कधी? मग मी शहाण्यासारखी एक दिवस हे, एक दिवस ते करायला लागले. पण बैठकांच्या वेळी हा पायाला मिठी मारून बसायचा, तेव्हा ताईच म्हणाल्या, घे त्याला कडेवर, तेवढंच वजन. घेतला. खाली गेले, वर आले, खाली, वर... आणि हा खांद्यावर चक्क झोपला. अंगाई नाही, थोपटणं नाही. मला वाटलं, काय घबाड सापडलं!

घबाड कसलं, दुसऱ्या दिवसापासून हा बैठकांशिवाय झोपेचना. पळून पळून मी मोडलेली, आणि हा हात वर करून समोर उभा, आई, वल. नाही म्हटलं की भोकाड. म्हणजे एक दिवस पाय, आणि एक दिवस पळणं अधिक पाय. आराम गेला कुठल्या कुठे, आणि पाय तर माझे दोनच ना.

शेवटी मी ह्यांना म्हटलं, माझ्या पळण्याच्या दिवशी बैठका तुम्ही घाला. हे म्हणाले, मी कशाला, मला कुठं साखर आहे? म्हटलं, मुलगा एकटीचा आहे का माझ्या? मग घेतला, आणि गुडघे वाकवून गेले खाली. बराच वेळ झाला तरी वर येईनात. खालूनच आवाज आला, "अगं, पुढचं काय करायचं असतं?"

पण लागली हो सवय. आरामाच्या दिवशी सासूबाई खुर्चीवरून उठतात, बसतात, नातू मांडीवर. महिनाभरात ह्यांच्या पँटी सैल झाल्या. सासूबाई जिन्यात कठडा धरेनाशा झाल्या. आणि माझा काटा? हलला, पण असा, की जणू माझ्यावर उपकार करतोय.

परवा तपासणी होती. डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत होत्या, तेवढ्यात मी मुलाचं तोंड डोळे भरून बघून घेतलं. खरंच सांगते, त्याच्या कानामागचा तीळसुद्धा पाठ करून घेतला. मग त्या म्हणाल्या, वजन थोडंच उतरलंय, पण साखर मागे सरकली. गोळी नको. जे करताय ते सोडू नका.

मी तिथंच रडले. घरी येताना आधी ताईंचं दार वाजवलं. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "शाब्बास. पाय तयार झाले बघ तुझे. आता असं कर, बैठकांना हळूहळू वजन वाढवत न्यायचं."

म्हटलं, ताई, ते माझ्या हातात कुठंय? तो दोन वेळ जेवून वाढवतोच आहे.