गुहेच्या तोंडाशी ठेवलेली टोपी

वायादोलिदच्या स्टँडवर रेमेदिओस व्हॅनच्या रांगेत पहिलीच होती. तिच्या मागे पर्यटकांना जुनी देवळं नि गुहा दाखवणारा फिदेन्सियो आणि त्याची म्हातारी मावशी.

“गुहेच्या न दिसणाऱ्या धन्यांसाठी मक्याचं पेय ठेवलं होतंस ना रे?” मावशीनं विचारलं.

“ठेवलं होतं गं. पण एका पाहुणीनं पिऊन टाकलं. तहान लागली म्हणे.”

“अगं बाई! आणि तू बघत बसलास?”

“वाटी रिकामी नको म्हणून दुसरं काहीतरी ठेवलं की.”

“काय ठेवलंस?”

“पिशवीत आपल्या नेलीची लाल टोपी होती.”

“पोटच्या पोरीची टोपी ठेवलीस त्यांच्यापुढे? मेल्या, अक्कल गहाण टाकलीस काय?”

“दुसऱ्या दिवशी आणायला गेलो मी. नव्हती तिथं.”

“गेली?”

“आज सकाळी पोर तीच टोपी घालून परसातून आत आली, मावशी.”

“आत्ता पोरीपाशी कोण आहे?”

“तुला न्यायला निघालो, तेव्हा विचारलं, घटकाभर एकटी राहशील ना? तर हसली. म्हणाली, एकटी कुठंय मी?”

व्हॅन आली. एकच जागा होती.

रेमेदिओस बाजूला सरली. “तुम्ही दोघं चढा,” ती म्हणाली. “मांडीवर बसा, पण जा.”