काटकसरीचं घासलेट

आर्वीच्या बाजारात घासलेटची रांग होती. माझ्यापुढे पंचफुला आणि तानाबाई, दोघींच्या हातांत रिकाम्या बाटल्या.

"तानाबाई, घासलेट पुन्हा महागलं वं! म्हणे सरकारनं टॅक्स वाढवला."

"आन् परवा मंत्र्याच्या सभेले घासलेटच्या चाळीस गॅसबत्त्या! भाषण कायचं, तर काटकसरीचं!"

"बत्त्या तर तुहे मालकच सांभाळत होते. मंग भाषणात अंधार कसा झाला?"

"मंत्रीसाहेब म्हणे, फालतू जाळू नका. यायनं आयकलं. बत्त्या इझवल्या."

"आन् उरलेलं घासलेट?"

"हळू बोल. घरी हाये."

"मंग रांगेत काऊन उभी हायेस?"

"रांगेत नाई दिसली, तर लोक इचारतीन ना, हिच्या घरी दिवा कशावर जळते?"

"मले देजो मंग बाटलीभर."

"देईन. पण पंचफुले, माहा टॅक्स येगळा!"