चौतिसावा दगड

— नाही हो, आमच्या घरात सायकल चालवतं कोण? आहे ना, सायकल आहे, ती काय पडवीत टांगलीय, हिरवी — माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली — पण आमच्या ह्यांना चालवता येत नाही. हातात धरून बाजारापर्यंत नेतात, घंटी वाजवतात, हातात धरून परत आणतात. आल्यावर तेलाच्या बोळ्यानं पुसून ठेवतात. तेव्हा तुमच्या ओल्या मुरमावर चाकाचा वण उठला असेल तर तो दुसऱ्या कुणाचा — बसा ना दादा, उभे का? ती बाज घ्या ओढून. पाणी घ्या, झिऱ्याचं आहे, दोनदा गाळलंय. एरवी मी अशी दारात उभी राहून पुरुषमाणसाशी बोलत नाही, विचारा कुणालाही, पाच महिने झाले येऊन, शेजारणीला माझा आवाज नीट ठाऊक नाही. पण तुम्ही बेलापूरचे, माझ्या भावाच्या, गोरक्षच्या वर्गातले — माहेरचं कुत्रं दिसलं तरी बोलावंसं वाटतं. तुम्हाला नाही म्हटलं हो कुत्रं. राधाकृष्णदादा, तुम्ही आता ओव्हरसियर, साहेब झालात. घरात? कुणी नाही घरात. हे रानात, मामंजी चौकात, आत्याबाई शेजारी कडूबाईंकडे बसल्यात. त्या आल्या की कळेल — म्हणजे पूर्वी कळायचं. सासूबाईंचा उजवा गुडघा असा कटकट वाजायचा, की त्या दोन घरं अलीकडे आल्या की मी चहाचं आधण ठेवायची. आता नाही वाजत. त्या दगडामुळे.

हो, तोच. तुमचा चौतिसावा. ज्याला तुमच्या कामावरची चांगुणा आणि तिची टोळी हात लावत नाही, तोच. चिडू नका — मला सगळं ठाऊक आहे, मी या खिडकीशी भाकरी थापते, काम माझ्यासमोरच तर चाललंय. खांबाच्या देवळापासून मोहिनीराजाकडच्या घाटापर्यंत नदीकाठानं वाट, पायी चालायला आणि सायकलला — जुनी तटबंदी, वीरगळ, दगडी पायऱ्या, सगळं एका दोऱ्यात ओवलंत तुम्ही. यात्रेकरूंनी नदी बघत बघत जायचं. आणि नदीत काय? ओंजळभर पाणी नाही. मामंजी म्हणतात, "सरकारनं आदी काठ केला, आता नदी आनायला गेलंय." पण वाट सुरेख झालीय हां. मुरूम असा दाबलाय की चाक नुसतं — म्हणजे चाक असतंच, तर पळेल, असं म्हणते मी. दोन्हीकडून वाट आली आणि अडली कुठं? आमच्या परसामागं. चाळीस हात राहिले असताना, एका दगडापाशी.

देव कसा झाला म्हणता? दगडाचा देव व्हायला काय लागतं दादा, एक नारळ आणि बघायला दोन बाया. आमचं लग्न मार्गशीर्षातलं. अंगाची हळद उतरायच्या आत देवदेव करायचा, गावातले देव फिरून यायचे — आपल्या बेलापूरलाही करतात. आत्याबाईंना गुडघ्यामुळे येणं झालं नाही. त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "तांबडं दिसंल तितं वाकायचं, हळदकुकू वाहायचं, नारळ फोडायचा. नव्या नवरीनं देव वलांडला तर रुसून ऱ्हातो." आणि ओटीत पाच नारळ घातले. झाले चार देव. चारही ठिकाणी शेंदूर, चारही ठिकाणी वाकले. नारळ एक उरला. आता उरला म्हणजे काय — एक देव चुकला, असंच ना कुणीही म्हणणार? आणि घाटावरून परत येताना काठावर मधोमध उभा दगड, माथा तांबडाभडक. ह्यांच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ. मी थांबले म्हणून हे थांबले, हे थांबले म्हणून मी वाकले. फोडला नारळ. पाचवा घरच्या देव्हाऱ्यापुढं फोडायचा होता, हे घरी आल्यावर कळलं. आत्याबाई म्हणाल्या, "कुटं फोडला?" मी खाली बघितलं. नव्या सुनेनं खाली बघितलं की लाजली म्हणतात, सोपं असतं ते.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण चांगुणेच्या टोळीनं बघितलं होतं. त्या पाथर्डीकडच्या बाया, यंदा ऊसच नाही म्हणून कोयते घरी ठेवून खडी फोडायला आलेल्या — त्यांना वाटलं, गाठीतली नवरी नारळ फोडतेय म्हणजे गावचं काहीतरी जुनं दैवत. दुसऱ्या दिवशी कामाला लागण्याआधी त्यांचं कुंकू. आठवड्यानं शेंदूर. महिन्यानं नाव पडलं — वाटंची आई. आणि नाव ऐकून आत्याबाई निघाल्या ना काठी टेकत! तीन वर्षं आळीच्या पुढं गेली नव्हती बाई. रोज साठ पावलं जायचं, साठ पावलं यायचं. आता चालल्यानं गुडघा सुटला की आईनं सोडवला, ते मी कशाला बोलू? पण पूर्वी कोपऱ्यात बसून लसूण सोलायच्या, कुणी विचारायचं नाही. आता बाया विचारायला येतात — आत्याबाई, मूल रडतंय, आत्याबाई, नवरा पितोय. सकाळी तोंड धुतलं की म्हणतात, "जाती गं, आई वाट बगत आसंल." साठीची बाई, दादा, माहेरी निघाल्यासारखी निघते.

काय? उद्या? फौजदार आणून उचलणार? नको, नको — अहो, असं नका करू. दगड हलला तर चांगुणा टोळी घेऊन निघून जाईल आणि तुमचे चाळीस हात जन्मात व्हायचे नाहीत. आणि मला ते शनिवारच्या आत व्हायला हवेत. मला का? मला काय — सहज म्हटलं. बरं, सांगते. हा कागद बघा, तांदळाच्या डब्यात ठेवते मी, वास येतोय का? 'दिनांक १४ मे १९७३ रोजी हजर व्हावे.' म्हणजे सोमवारी. खांबाकडे तुमच्या कामावरच्या बायांच्या मुलांसाठी बालवाडी निघतेय ना, सुकडी वाटायची, मुलं सांभाळायची, अक्षरं गिरवून घ्यायची — त्यांना मॅट्रिक बाई हवी होती. ह्यांनीच अर्ज टाकला माझा, गुपचूप. चांगले आहेत हे. फक्त सायकल येत नाही. मामंजींना कळलं तेव्हा जेवण थांबलं घरातलं. मग म्हणाले, "बाजारातनं सून जानार न्हाई. काठाची वाट पुरी झाली की जा म्हनावं काठाकाठानं." सगळ्यांसमोर म्हणाले. का म्हणाले? सरकारी काम पुरं होत नसतं, या भरवशावर! आणि आता रोज संध्याकाळी परसात उभे राहून तो दगड बघतात आणि मिशीत हसतात. दगडाला नमस्कारही करतात हल्ली. पूर्वी देवळात पाऊल टाकत नव्हते.

सोमवारी गेले नाही तर दुसरी बाई घेतील. यादीत आणखी तिघी आहेत. आणि मग मी इथंच, या खिडकीत. खिडकी वाईट नाही — पण दादा, मी दोन वर्षं बेलापुरात गोरक्षच्या सायकलवर शाळेत गेलेय, तुम्ही पाहिलंय मला, नाही म्हणू नका, पुलावर तुम्ही हसला होता सगळे, माझी वेणी चाकात — हां. बोलून बसले. माझाच वण आहे तो. तांबडं फुटताना झिऱ्यावर जाते ना, कॅरिअरला हंडा बांधून. रिकामा हंडा घेऊन जाताना थोडी लांबून जाते. तटबंदीपाशी वाट उताराला लागते, तिथं पाय उचलून धरले की — जाऊ दे. येईपर्यंत सगळे झोपलेले. पुसते मी सायकल, ह्यांच्यासारखीच.

हसा. आता सगळंच सांगते मग. तुमच्या दगडावर आकडा होता, दादा. तांबड्याखाली, चुन्यानं लिहिलेला, ३४. मला दिसला होता तो. मॅट्रिक झालेली मुलगी, मला कळू नये की देवाच्या अंगावर आकडा नसतो? कळलं होतं. पण ह्यांनी तोवर हात जोडले होते, मागून दोन म्हाताऱ्या येत होत्या, आणि मी नवी. नव्या नवरीनं काय म्हणायचं, हा देव नाही, सरकारी मोजणीची खूण आहे? म्हणून त्या आकड्यावरच हळद चोळली मी. चांगली मूठभर. आई नाही, काही नाही, माझी लाज आहे ती उभी काठावर, पाच महिने नैवेद्य खातेय.

तर ऐका, मी मोजून ठेवलंय. ही सुंभाची दोरी घ्या, गाठी मारल्यात मी हाताहातावर. नदीकडे दरड, तिकडून वाट वळत नाही. पण आमच्या बाजूनं पाच हात आत घेतली, की दगड जिथल्या तिथं राहतो आणि वाट त्याला वळसा घालून जाते. मध्ये आत्याबाईंची वांगी येतात, तेवढीच. सात झाडं, भांड्यांच्या पाण्यावर जगवलेली, या उन्हाळ्यात अख्ख्या आळीत हिरवं तेवढंच आहे. त्यांना म्हणायचं, आईचीच इच्छा — तुम्ही म्हणा, मी नाही. तुम्ही साहेब आहात, तुमचं ऐकतील. त्यांना फक्त हे आकड्याचं —

आत्याबाई.

कधी आलात? नाही, मी — हे बेलापूरचे, पाणी प्यायला — आवाज नाही आला तुमचा. कधीपासून उभ्या आहात? आत्याबाई, ती दोरी कशाला घेताय, ती नुसती — अहो, काठी तरी घ्या हातात —

दादा, ऐकलंत?

वाजला. गुडघा वाजला त्यांचा. परत. प्रत्येक पावलाला, ऐका.

वांग्यांत गेल्या. दोरीचं टोक घेऊन बसल्या खाली. माझ्याकडे बघत नाहीत. दुसरं टोक तुम्हाला धरायला सांगतायत, दादा — माझ्या तोंडाकडे काय बघता? जा. उठा, जा तुम्ही. मला चहाचं आधण ठेवायचंय.