ओत्तोरिनोची ओळ

...नाही हो, ती द्राक्षवेलांची ओळ वगळायची नाही, सगळंच विकायचंय — आक्रोडापासून खाली ओढ्यापर्यंत, कोठार, जुनी पिंपं, सगळं. सही आजच करते म्हटलं ना? आधी कॉफी घ्या. घरची ग्राप्पा टाकू थोडी, द्राक्षांची दारू? गाडी चालवायचीय? मग थोडीच टाकते.

तुमची कंपनी हे वेल उपटणार, ठाऊक आहे मला. तुम्हाला एकाच जातीचे हवेत, तारेवर शिस्तीत उभे. आमचे पणजोबा इटलीहून आले ते वेलांच्या काड्या उराशी धरून — आणि लावल्या कशा? सगळी खिचडी. झिनफांडेल, कारिन्यान, मधेच एखादी पांढरी, कुठली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. दारूबंदी आली तेव्हा आपल्या अर्ध्या सोनोमा खोऱ्यानं वेल उपटून आलुबुखार लावले. आजोबांनी नाही उपटले. द्राक्षं पेट्या भरभरून आगगाडीनं शिकागोला पाठवली, आणि सरकारी माणूस तपासायला आला की आजी आधी त्याला रॅव्हिओली वाढायची, मग सांगायची, पिंपात व्हिनेगर आहे. तो चाखायचा आणि म्हणायचा, फार छान व्हिनेगर, अजून थोडं द्या.

हां, तर ती ओळ. आमच्या घरात बाप्तिस्म्याला प्रत्येक पोराला एक ओळ मिळते. ती छाटायची त्यानंच, मरेपर्यंत. ती ओत्तोरिनोची — माझा धाकटा भाऊ. एका हिवाळ्यात त्याचा खांदा निखळला, म्हणून मी छाटून दिली. उपकारच केला ना? तर म्हणे, काडीवर तो दोन डोळे राखतो आणि मी एकच राखला. तेव्हापासून अबोला. एवढ्यावरून. आमच्याकडे डोकी अशीच असतात, माझं सोडून.

पण छाटायला येतो हं. दर वर्षी वेलांमधली मोहरी फुलली की मागच्या फाटकानं, चोरासारखा. मी बघतसुद्धा नाही. म्हणजे — ओळीच्या टोकाला खांबावर फोकाच्चा पाव ठेवते फडक्यात बांधून, पण तो पक्ष्यांसाठी. संध्याकाळी फडकं घडी घालून ठेवलेलं असतं. आमच्याकडचे पक्षी फार शिस्तीचे आहेत.

यंदा मोहरी सुकायला आली, कोंब फुटतील आता, आणि ओळ तशीच पिंजारलेली. पाव रोज तसाच परत आणते. म्हणून तर तुम्हाला फोन केला. गुडघे दुखतात म्हणून विकते असं बोलले होते ना मी — तेही दुखतात. पण तो येणारच नसेल तर हे सगळं मी राखू कुणासाठी? मला नाही बघवत ती ओळ. द्या ते पेन.

थांबा. खिडकीसमोरून जरा सरका बघू. ती टोपी... वर-खाली होतेय ना, तिकडे? तोच. डावा हात वर जात नाहीये शहाण्याचा, तरी कात्री घेऊन आलाय.

पेन खिशात ठेवा. कॉफी राहू द्या. गाडी पुढच्या रस्त्यानं हळू न्या, हॉर्न वाजवू नका. आणि तो टेबलावरचा पाव इकडे द्या, पक्ष्यांचा आहे तो.