मोटारहोमच्या मागचं वजन

गॅरेजच्या बाकावर एक मुलगी सायकलचं पंक्चर निघायची वाट बघत होती. कान मात्र शेजारी उभ्या मोटारहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मालक काका-काकूंकडे आणि त्यांच्या मेकॅनिककडे.

“सरळ रस्त्यावर गाडी झिंगल्यासारखी जाते. स्टिअरिंगच बदला!”

“काका, स्टिअरिंग ठणठणीत आहे. मागे ओझं फार झालंय, म्हणून पुढची चाकं हलकी पडतात. काय भरलंय मागे?”

“हिचा संसार, दुसरं काय!”

“माझी एक पिशवी आहे हो! बाकी यांचा जनरेटर, काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी आणि व्यायामाचे डंबेल. अजून खोक्यातच आहेत.”

“ते काढा काका, नाहीतर वळणावर आडवे व्हाल.”

“एक वस्तू हलणार नाही!”

“मग मी लेकीकडे बसने जाते.”

“अगं, पुढे वजन हवंय ना? तूच बस की पुढे! एवढं वजन आणखी कुठे मिळणार?”

“बसते. चावी द्या.”

“तू चालवणार?”

“लायसन्स तुमच्याआधीचं आहे माझं. सामान सोडवत नसेल, तर त्याच्यासोबत इथेच राहा.”

काकूंनी काकांच्या हातातली चावी ओढून घेतली. दार धाडकन लागलं. इंजिन सुरू झालं.

“अगं ए, थांब! डंबेल तरी उतरवू दे!”